माझ्यामागे ‘खाजण’च्या रिळांना हात लावू पाहणाऱ्यांसाठी

लिहून ठेवणार: हिरू देवजी भोये, वय वर्षे ७२, धंदा रेडिओ दुरुस्ती व लाउडस्पीकर भाड्याने देणे (हल्ली बंद), राहणार मुक्काम आशागड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, असे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रविण याला त्याबद्दल शंका आहे. उजवा कान पूर्ण गेला आहे, डावा यंत्र लावून अर्धा चालतो. हे आपणहून सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोर्टात कोणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको.

या कागदात खाडाखोड सापडणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, आधी कच्चे लिहा, मग दुरुस्त करून छापून घेऊ. मी म्हणालो, साहेब, मी आयुष्यभर टेपवर एकदा घेतलेले पुसले नाही. चुकले तर पुढच्या कलमात सांगेन. त्यावर ते म्हणाले की मृत्युपत्रातली दोन कलमे एकमेकांशी भांडली तर नंतरचे खरे धरतात. कायद्यातली एवढी एकच गोष्ट मला पटली.

कलम १. घर. आशागडचे राहते घर, मागची विहीर आणि चिकूची अकरा झाडे माझी सून दक्षा प्रविण भोये हिला द्यावीत. प्रविणला नाही. त्याला घर दिले तर तो भिंतीला फोम चिकटवून स्टुडिओ करील. माझी बायको तुळशी हिने शेणाने सारवलेली ओटी त्याने एकदा फरशी घालून ‘नवी’ केली. तेव्हापासून उन्हाळ्यात तिथे पाय ठेवता येत नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही दक्षाच राहील. चालू असलेल्या यंत्राला हात न लावता बसू शकणारे या घरात तेवढे एकच माणूस आहे.

कलम २. दुकान व हत्यारे. डहाणू रोडचा गाळा प्रविणला द्यावा. तो तिथे बसतोच आहे आणि लग्नाची गाणी धडधड करून विकतोच आहे. मात्र माझी झाळण्याची (सोल्डरिंगची) सळई, मीटर आणि पितळी पान्ह्यांचा डबा त्याला देऊ नये. तो आजवर एकही वस्तू उघडून दुरुस्त करायला शिकलेला नाही. बिघडले की नवी आणतो आणि त्याला अपग्रेड म्हणतो. हत्यारे रानशेतच्या आश्रमशाळेला द्यावीत.

कलम ३. तबकड्या. माझ्याकडे विलायती रॉक संगीताच्या बासष्ट तबकड्या आहेत. डहाणूच्या एका इराणी बागवाल्याचा मुलगा परदेशी गेला, तेव्हा त्याचा प्लेअर मी तीनदा दुरुस्त करून दिला होता म्हणून या मला मिळाल्या. आम्हा पोरांना रॉक म्हणजे काय ते यांनीच शिकवले. शब्द एक कळत नव्हता, पण ढोल कुठे पडतो ते कळत होते आणि आमच्याकडच्या माणसाला तेवढे पुरते.

या तबकड्या प्रविणच्या हाती पडू नयेत. गेल्या दहा वर्षांत तो मला यातल्याच गाण्यांच्या ‘चाळिसाव्या वाढदिवसाच्या’ आणि ‘पन्नासाव्या वाढदिवसाच्या’ आवृत्त्या मोबाइलवर ऐकवतो आहे. “बाबा, ऐका, आता ड्रम किती साफ येतो!” अरे, ड्रम साफ यायला ते काय गटार आहे? रिमास्टर म्हणजे जुन्या भांड्याला कल्हई, इतपत मी समजू शकतो, जरी हल्लीचे कल्हईवाले भांडेच खरवडून भोक पाडतात. पण रिमिक्स? आमटी शिजली, लोकांनी जेवून चाळीस वर्षे झाली, जेवणारे निम्मे मेले आणि आता हे शहाणे तिच्यातून डाळ वेगळी, मीठ वेगळे काढून नव्याने फोडणी देणार. ज्यांनी ती वाजवली ती पोरे विशीची होती, घाबरलेली होती, घाईत होती. ती घाई म्हणजेच गाणे. साठी उलटल्यावर, पोट सुटल्यावर, तीच माणसे पुन्हा येऊन म्हणतात की आम्हाला खरे तर असे करायचे होते. नव्हते करायचे. आता सुचले आहे, एवढेच. यांच्यापेक्षा आमच्या सायवनच्या बाजारातले भंगारवाले बरे, ते निदान मोडलेल्या वस्तूला मोडलेली म्हणतात.

तबकड्या विकू नयेत. दक्षाने सांभाळाव्यात. ओरखड्यांसकट.

कलम ४. रिळे. आता मुख्य गोष्ट. सन १९८४ च्या मे महिन्यात ‘वखार’ नावाच्या बँडने ‘खाजण’ नावाची एक कॅसेट काढली. आठ गाणी, मराठी आणि आमच्या घरच्या बोलीत. जिव्या वरठा हा गाणारा, अमृत हा गिटारवाला, दोघे ढोल-बेसवाले पुढे सुरतेला गेले ते गेले. रेकॉर्डिंग मी केले. आशागडच्या एका चिकूच्या वखारीत, भिंतींना पेंढा आणि रिकाम्या करंड्या लावून, मुंबईच्या भंगारातून आणून मी उभे केलेल्या चार ट्रॅकच्या मशिनवर. तीन दिवस वीज नव्हती. तलासरीच्या एका मंडपवाल्याचा जनरेटर बैलगाडीतून आणला आणि लांब चाऱ्याच्या कुडामागे ठेवला. तो तीन दिवसांत एकदाही बंद पडला नाही. प्रत्येक गाणे तिथल्या तिथे लावून सगळ्यांना ऐकवले, सगळे खूश झाले. त्यानंतर एका सुराला मी हात लावलेला नाही.

पाचशे कॅसेटी निघाल्या. आता कोणा परदेशी शौकिनाने त्यातली एक इंटरनेटवर चढवली आणि मुंबईची एक कंपनी जागी झाली. तिला ‘खाजण’ नव्याने मिक्स करून काढायचे आहे. गेल्या फेब्रुवारीत प्रविणने माझी दोन्ही मूळ रिळे, मी पालघरला कान तपासायला गेलो असताना, भाताच्या कोठीतून काढली, मुंबईला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि गुपचूप परत ठेवली. भात सारखा करायला विसरला, म्हणून कळले. मी विचारले तर म्हणतो, “बाबा, तुम्हाला वरचे आवाज आता ऐकूच येत नाहीत, तुम्ही कशाला अडवता?” पोटच्या पोराने बापाच्या कानावर जावे!

म्हणून असे लिहितो की, माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवसाच्या आत दोन्ही मूळ रिळे दक्षाने घरामागे जाळून टाकावीत. प्रविणने उतरवून घेतलेली प्रत पुसावी. कंपनीला होकार देऊ नये. ‘खाजण’ जसे कॅसेटवर आहे तसेच खरे आहे, दुसरे खरे ‘खाजण’ नाही.

कलम ५. अमृत. माझा जुना मित्र अमृत, एसटीतून निवृत्त कंडक्टर, याला माझ्याकडून काहीही देऊ नये. कंपनीसाठी नवी गिटार वाजवून जुनीच्या जागी घालायला तो तयार झाला आहे. कारण जुने आहे. कॅसेट आली तेव्हा तो दुकानात येऊन म्हणाला, “हिरू, माझी गिटार अशी नव्हती. कॅसेटबरोबर वाजवायला बसलो तर जुळत नाय. सूर वर गेलाय.” मी म्हणालो, तूच तारा जास्त चढवल्या होत्यास. तो म्हणाला, मी सूर देणाऱ्या पिपाणीवर लावल्या होत्या. मी म्हणालो, मग पिपाणी फेकून दे. ही गोष्ट मी डहाणू रोडभर सांगितली. अमृतचा कान चिकूएवढा आणि तोही पिकलेला, असे मी म्हणत असे आणि लोक हसत. त्याने वर्षभरात गिटार विकली. ज्याला स्वतःची तार लावता आली नाही, तो आता चाळीस वर्षांनी माझे काम दुरुस्त करणार.

कलम ६. जिव्याच्या घरचे. जिव्या सन १९८६ च्या जानेवारीत तलासरीजवळ हायवेवर ट्रकखाली गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याची बायको जमना तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती. त्याच्या बाराव्यानंतर मी रानशेतला तिच्या घरी कॅसेट घेऊन गेलो आणि टेपवर लावली. मला वाटले, आधार होईल. तिने एक कडवे ऐकले आणि म्हणाली, “बंद करा. हा माझा मानूस नाय. कोन पोराला गायला बसवलाय हा?” मी म्हणालो, अहो, जिव्याच आहे, मी स्वतः घेतलाय. तिने उठून टेपमधून कॅसेट काढली आणि चुलीत घातली. माझ्या डोळ्यांदेखत. प्लॅस्टिकचा वास घरभर झाला.

त्या दिवसापासून मी त्या बाईशी बोललेलो नाही. एकोणचाळीस वर्षे. माणूस दुःखात असतो हे मला कळते, पण नवऱ्याचा आवाज ओळखता येऊ नये? तिच्या कानाबद्दल मी चारचौघांत काय बोललो ते इथे लिहीत नाही. जमना जिव्या वरठा हिला माझ्या मिळकतीतून काही देऊ नये.

तिची मुलगी योगिता मात्र वेगळी. दहा वर्षांची झाल्यावर ती दर शनिवारी शाळा सुटली की आईला न सांगता माझ्या दुकानात यायची. स्टुलावर बसायची आणि म्हणायची, “काका, बाबांना लावा.” मी लावायचो. बारावीपर्यंत ती येत होती. जे आईने दिले नाही ते मी दिले, याचा मला अभिमान आहे. आता ती सायवनला शिक्षिका आहे. माझ्याकडची ‘खाजण’ची पहिली कॅसेट, जिच्यावर जिव्याची सही आहे, ती योगिताला द्यावी.

कलम ७. माझे दिवस. माझ्या मागे डीजे लावू नये. भजन लावायचे असेल तर माणसांनी म्हणावे.

येथपर्यंत दिनांक २६ ऑक्टोबर २०२५ रोजी लिहून संपवले होते आणि सही करणार होतो. पुढचे तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कलम ८. काय झाले ते. कंपनीला जिव्याच्या वारसांची सही लागते. त्यासाठी प्रविणने गेल्या रविवारी सकाळी जमना आणि योगिता यांना माझ्याच घरी, मला न विचारता बोलावले. मी ओटीवर पाठ करून बसलो आणि कानातले यंत्र काढून खिशात टाकले. प्रविणने स्पीकर मांडला. मला चहाचा वास येत होता आणि बाकी काही कळत नव्हते. हेच हवे होते.

थोड्या वेळाने मान वळवली, कारण सगळ्यांनी हालचाल थांबवली होती. जमना स्पीकरच्या समोर उकिडवी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती योगिताशी बोलत नव्हती, प्रविणशी नव्हती. ती स्पीकरशी बोलत होती. मी यंत्र कानात घातले.

“काय लावलंस?” मी प्रविणला विचारले.

“बाबा, आवाजाचा ट्रॅक. दुसऱ्या दिवसाचा, गाणं सुरू व्हायच्या आधीचा. पण बरोबर वेगावर.”

“बरोबर वेगावर म्हणजे?”

तेव्हा त्याने सांगितले. मोठ्याने, सावकाश, माझ्या डाव्या बाजूला बसून. रिळावर गाण्याच्या आधी वखारीच्या राखणदाराचा सेलवरचा ट्रान्झिस्टर ऐकू येतो. बातम्या लागण्याआधी रेडिओवर वेळेचे ठोके पडतात, सेकंदाला एक, ते त्यात आहेत. पहिल्या ठोक्यापासून सहाव्यापर्यंत पाच सेकंद लागायला हवेत, कॉम्प्युटरवर मोजले तर ते पावणेपाचाच्याही आत पडतात. म्हणजे रेडिओ बरोबर होता, मशिन हळू चालत होते. हळू घेतलेले नेहमीच्या विजेवर लावले की पळते आणि सूर चढतो. चाळीस वर्षे कॅसेट पळते आहे.

मला पुढचे सांगायची गरज नव्हती. माझ्या मशिनची मोटर विजेच्या झोक्यांवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, चालते, आणि ते झोके जनरेटरच्या फेऱ्यांवर ठरतात. मंडपवाल्याचा जनरेटर दिव्यांच्या माळांसाठी होता, दिव्यांना फेऱ्यांशी देणेघेणे नसते. तो दमून हळू फिरत होता. आणि मी प्रत्येक गाणे तिथल्या तिथे ऐकवले ते त्याच जनरेटरवर, म्हणून ते तिथे बरोबरच वाजले. ही गोष्ट मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवत आलो. स्वतःला शिकवायची राहिली. आंधळ्याने वाट दाखवावी तसा चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या कानांना नावे ठेवत फिरलो.

“पुन्हा लाव,” मी म्हणालो.

आधी ठोके आले. मग लांबून भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग जिव्या बोलला. जाड, घशातला, थोडा आळशी आवाज. “थांब गं जमना, एवढा गाना होऊ दे, मग जेवतूं.”

आणि जमना, एकसष्ट वर्षांची, माझ्या घरातल्या त्या फरशीवर बसून म्हणाली, “भाकर गार झाली रं.”

दोनदा लावले, दोन्ही वेळा तिने तेच उत्तर दिले. मला आठवले, त्या तीनही दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन रानशेतहून चालत येत असे आणि आम्ही तिला दाराबाहेर थांबवत असू, आवाज होतो म्हणून.

जिव्याचा आवाज मी ओळखतो, असे मी जगाला सांगत आलो. तो मला पहिल्यांदा ओळखू आला नाही. चाळीस वर्षे मी ज्याला जिव्या समजलो तो कॅसेटवरचा बारीक आवाजाचा पोरगा होता, आणि खरा जिव्या मी केव्हाच विसरून गेलो होतो. बायको विसरली नव्हती. मी रडलो. हे लिहून ठेवतो, कारण प्रविण सगळ्यांना सांगणारच आहे.

योगिता स्पीकरकडे अशी पाहत होती, जसे दारात पाहुणा आला आहे आणि तो कोण ते आठवत नाही. मग हळूच म्हणाली, “काका, हे कोण?” तिची चूक नाही. मी तिला आठ वर्षे, दर शनिवारी, स्टुलावर बसवून दुसऱ्याच माणसाला बाप म्हणून ऐकवले.

कलम ९. बदल. कलम ४, ५ आणि ६ मी खोडत नाही. मी काय मूर्खपणा लिहिला होता ते वाचणाऱ्याला दिसू द्यावे. पण त्यांच्याविरुद्ध इथे जे लिहितो तेच शेवटचे खरे धरावे.

रिळे जाळू नयेत. दोन्ही मूळ रिळे योगिताला द्यावीत, ती तिच्या बापाची आहेत. प्रविणच्या कॉम्प्युटरमधली प्रतही पुसू नये. ‘खाजण’ पुन्हा काढायचे की नाही हे योगिता आणि तिची आई ठरवतील. काढले तर वेग तेवढा बरोबर करावा. वेग बरोबर करणे याला मी रिमिक्स म्हणत नाही. हे मी गेल्या रविवारपासून म्हणत नाही, हे सर्वांना दिसतेच आहे, हसणाऱ्यांनी हसून घ्यावे. पण त्यापलीकडे कोणी बोट लावले तर मी भूत होऊन त्यांच्या स्पीकरमध्ये बसेन. नवा ड्रम नको. जनरेटरची घरघर काढायची नाही, ती माझ्या चुकीची सही आहे. ट्रान्झिस्टर राहू द्यावा. रिमिक्सवाल्यांबद्दल कलम ३ मध्ये जे लिहिले ते जसेच्या तसे कायम आहे, एका चुकीने मी त्यांच्या पंगतीला जाऊन बसलेलो नाही. प्रविणने रिळे चोरली हेही कायम आहे. चोरी ती चोरीच, चोराला चांगला कान आहे एवढेच.

अमृतने नवी गिटार वाजवू नये, कारण जुनी बरोबर होती. नवीन आवृत्तीवर, जिथे माझे नाव छापतील तिथे, त्याखाली असे छापावे: ‘गिटार सुरात लावलेली होती. चूक रेकॉर्डिंग करणाऱ्याची.’ माझ्या बासष्ट तबकड्या, कलम ३ बदलून, अमृतला द्याव्यात. मी त्याच्या घरी जाऊन सांगितले. त्याने दार लावून घेतले. बरोबर केले. पुन्हा जाईन, जमले तर.

पहिली कॅसेट मात्र योगिताकडेच राहू द्यावी. ठेवायची की चुलीत घालायची ही तिची मर्जी. चुलीत घालायची झाली तर आईला विचारावे, तिला सवय आहे.

कलम १०. जमनाबाई. जमनाबाई, तुमचा कान बरोबर होता. एकोणचाळीस वर्षे मी तुम्हाला जे म्हणालो ते सगळे या कागदावरून परत घेतो आणि सर्वांसमक्ष माफी मागतो.

कलम २ मधली झाळण्याची सळई आश्रमशाळेला देण्याआधी मी तिने शेवटचे काम केले आहे. एक लहान पेटी बांधली आहे, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात गाणे नाही, फक्त जिव्याचे ते एक वाक्य आहे. ही पेटी जमनाबाईंना द्यावी, मी जिवंत असताना हातून देणे झाले नाही तर. पेटी सेलवर चालते, एकच बटण आहे. वेग बदलायची सोय ठेवलेली नाही.

कलम ११. साक्षीदार. खालील दोघांच्या समक्ष मी आज सही केली आहे. दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही. कायद्यानेही देता येत नाही आणि दोघांनीही कधी माझ्या दुकानात उधारीशिवाय काही घेतलेले नाही. तरी आले, चहा न घेता बसले, याची नोंद करतो.

सही: हिरू देवजी भोये

साक्षीदार १: मुकेश लहानू धोडी, राहणार आशागड. सही.

साक्षीदार २: संगिता रमण गावित, राहणार रानशेत. सही.

ठिकाण: आशागड, तालुका डहाणू
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५